पहिल्या रोलर कोस्टरपूर्वी : किशोरवयीनांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा आढावा

दहावीची परीक्षा आटोपली, की नागपुरातील घराघरांत उन्हाळ्याचे जे बेत ठरू लागतात, त्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत एका नव्या बेताची भर पडली आहे. हैदराबादजवळचे वंडरला किंवा खोपोलीजवळचे इमॅजिका पाहून यावे, असा मुलांचा आग्रह असतो. आणि शाळेची सहल असो, मामाकडे पुण्याला जाण्याचे निमित्त असो, की मित्रमैत्रिणींनी आपसांत वर्गणी काढून आखलेला प्रवास असो, त्या आग्रहाच्या मुळाशी बहुधा पोलादी रुळांवरून चढणारी, कोसळणारी आणि क्षणभर माणसांना उलटे टांगणारी ती गाडीच असते. तीत प्रथमच बसणाऱ्या मुलामुलींना आईवडील, शिक्षक, डॉक्टर आणि आधी बसून आलेले सवंगडी जो सल्ला देतात, तो विपुल आहे, कळकळीचा आहे आणि बऱ्याच अंशी परस्परविरोधी आहे. एक म्हणतो उपाशीपोटी बस, दुसरा म्हणतो पोटाला थोडा आधार असू दे. एक म्हणतो डोळे मिटून घे, दुसरा म्हणतो उघडे ठेव. एकाच्या मते सर्वांत मोठ्या राइडपासूनच आरंभ करावा, म्हणजे पुढचे सारे सोपे वाटते, तर दुसऱ्याच्या मते लहानाकडून मोठ्याकडे जाणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

या मतभेदांचा शांतपणे विचार करू लागल्यावर असे दिसते, की त्यांतील बराचसा विरोध वरवरचा आहे. भीती, मळमळ आणि धोका या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची कारणे भिन्न, त्यांचे जाणकार भिन्न आणि त्यांवरचे उपायही भिन्न. भीतीचा विचार मानसशास्त्राने केला आहे, मळमळीचा शरीरशास्त्राने, आणि धोक्याचा अभियांत्रिकीने व कायद्याने. घरगुती सल्ल्यात मात्र या तिन्हींची सरमिसळ होते. भीती वाटते म्हणून धोका असलाच पाहिजे असे मानले जाते, धोका नाही असे सांगून भीती घालवण्याचा प्रयत्न होतो, आणि मळमळीला भित्रेपणाचे लक्षण समजून मुलांना हिणवले जाते. म्हणून या तिन्ही बाबी येथे एकामागून एक घेतल्या आहेत. तत्पूर्वी या वाहनाचा आणि नागपूरकरांशी असलेल्या त्याच्या संबंधाचा थोडा पूर्वेतिहास देणे अवश्य आहे.

पूर्वपीठिका

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फ थिजवून उंच उतार तयार करीत आणि त्यांवरून लहानथोर घसरत येत. अठराव्या शतकात हा खेळ थेट राजघराण्यापर्यंत पोचला होता. १८१७ साली पॅरिसमध्ये त्याच कल्पनेला चाके लाभली. पुढे १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन यांनी ५ सेंट तिकिटाची जी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी जेमतेम ६ मैल होता, आणि तरीही लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या. तिथून वेग वाढत गेला, आणि वेगाबरोबर शरीराला सोसेल किती हा प्रश्नही पुढे आला. १८९५ साली कोनी आयलंडलाच पूर्ण वर्तुळाकार फेरा असलेली गाडी सुरू झाली. पण त्या वर्तुळात शिरताना बसणाऱ्याच्या मानेवर असा विलक्षण भार येई, की ती फार काळ चालू शकली नाही. हा दोष दूर होण्यास ८० वर्षे जावी लागली. १९७६ साली कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याच्या गणिताने जो फेरा उभा राहिला, तो वर्तुळाकार नसून वर निमुळता आणि खाली पसरट असा होता; त्यामुळे वेग सर्वाधिक असतो तेथे वळण सौम्य राहते आणि भार सुसह्य होतो. आज ज्या फेऱ्यांतून आपली मुले उलटी होऊन सुखरूप बाहेर येतात, ते सारे याच आकाराचे वंशज आहेत.

भारतात या क्रीडोद्यानांचे युग १९८४ साली दिल्लीच्या अप्पू घराने सुरू झाले. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, आणि समुद्राची खाडी बोटीने ओलांडून तेथे जाणे हा महाराष्ट्रातील एका पिढीच्या बालपणाचा भाग बनला. ते उद्यान आता बंद आहे. २०१३ साली रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात इमॅजिका उघडले. तेथील नायट्रो ही राइड सुमारे ४० मीटर उंच चढते, ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग घेते आणि पाच वेळा माणसाला उलटे करते. शिवाय तिच्या आसनांखाली तळ नाही, त्यामुळे बसणाऱ्याचे पाय अधांतरी लोंबत असतात. २०१६ साली हैदराबादला वंडरला सुरू झाले, आणि तेथील रिकॉइल ही गाडी फेऱ्यांतून पुढे जाऊन त्याच मार्गाने पाठमोरी परत येते.

या तोडीचा रोलर कोस्टर नागपुरात नाही. अंबाझरीच्या बाजूला असलेल्या क्रेझी कॅसलच्या पाण्याच्या घसरगुंड्या आज पस्तिशीत असलेल्या नागपूरकरांना आठवत असतील. पण तो निराळा प्रकार होता, आणि तोही बंद झाला. त्यामुळे नागपूरच्या मुलाला पहिला मोठा रोलर कोस्टर भेटतो तो सुमारे ५०० किलोमीटरवर हैदराबादला, किंवा समृद्धी महामार्गाने राज्य पालथे घालून थेट कोकणच्या उंबरठ्यावर. या अंतराचा परिणाम आपल्या विषयावर फार खोलवर झाला आहे, असे मला वाटते. पुण्यामुंबईचा मुलगा एका वेळी घाबरला, तर पुन्हा सहा महिन्यांनी येईन म्हणू शकतो. नागपूरच्या मुलाच्या हाती एकच दिवस असतो, तिकिटाचे पैसे भरलेले असतात, रात्रभराचा प्रवास अंगात मुरलेला असतो आणि वर्गातली चाळीस मुले बघत असतात. सल्ला देणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक ही परिस्थिती ध्यानात घेतात.

भीती : दोन पक्ष आणि तिसरा

भीतीच्या बाबतीत पहिला पक्ष क्रमवादी म्हणता येईल. १९५८ साली जोसेफ वोल्पी या मूळच्या दक्षिण आफ्रिकी मानसोपचारतज्ज्ञांनी भयनिवारणाची जी पद्धती मांडली, तिचे सार असे, की भयाच्या वस्तूंची चढती श्रेणी लावावी, सर्वांत सौम्य वस्तूपाशी मन स्वस्थ होऊ द्यावे आणि मगच पुढच्या पायरीवर पाय ठेवावा. दुसरा पक्ष एकदम सामोरे जाण्याचा. १९६०च्या दशकात थॉमस स्टॅम्फ्ल आणि त्यांच्या अनुयायांनी असे प्रतिपादन केले, की भयाच्या पूर्ण तीव्रतेला एकदाच आणि पुरेसा वेळ सामोरे गेले, तर ते आपोआप ओसरते. दोन्ही पद्धतींना उपचारगृहात यश आले आहे. परंतु दुसऱ्या पद्धतीत भय ओसरेपर्यंत रुग्णाला त्या स्थितीत थांबवावे लागते, आणि रोलर कोस्टरची फेरी तर दोन-तीन मिनिटांत संपते. भय शिगेला पोचलेले असतानाच ज्याला खाली उतरवले, तो भयमुक्त होण्याऐवजी आयुष्यभराची अढी घेऊन परतण्याचा संभव असतो. त्यामुळे ‘सर्वांत मोठीतच आधी बस’ हा मित्रांचा सल्ला शास्त्राच्या आधाराने दिला जातो असे मानले, तरी तो आधार अपुरा ठरतो.

क्रमवादी पक्षाची अडचण नागपुरात अशी, की क्रम लावायला पायऱ्या कोठून आणाव्यात? याचे उत्तर मला आपल्या जत्रांत आणि मेळ्यांत सापडते. कोराडीच्या नवरात्रातल्या यात्रेत, ताजबागच्या उर्सात, किंवा कस्तुरचंद पार्क आणि रेशीमबाग मैदानावर भरणाऱ्या आनंदमेळ्यांत आकाशपाळणा असतो, ब्रेक डान्स असतो, टोराटोरा असतो, लहान मुलांची ड्रॅगन ट्रेन असते आणि कोलंबस म्हणून ओळखली जाणारी मोठी झुलती नाव असते. रोलर कोस्टरमध्ये जे अनुभव एकत्र येतात, ते येथे सुटे सुटे मिळतात. आकाशपाळण्यात निव्वळ उंची आहे, वेग नाही. ब्रेक डान्समध्ये गरगरणे आहे, उंची नाही. आणि कोलंबसमध्ये ते पोट वर उचलल्यासारखे होणे आहे, ज्याची पहिल्यांदा बसणाऱ्याला सर्वांत अधिक धास्ती असते.

कोलंबसचा अभ्यास करण्यासारखा आहे. नाव झुलू लागली म्हणजे मधल्या बाकांवर बसलेली माणसे निवांत बोलत असतात आणि दोन्ही टोकांचे बाक मात्र ओरडत असतात, कारण टोकांची उंची आणि टोकांचा पल्ला हा मध्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. नाव एका बाजूच्या शिखराला पोचून थबकते, त्या क्षणी टोकावरच्या मुलीचे केस खांद्यावरून उचलले जातात, तिची पकड दांड्यावर आवळते, आणि नाव परत निघाली की तिच्या तोंडून किंकाळी आणि हसू एकदम बाहेर पडते. हा जो क्षण, तोच रोलर कोस्टरच्या पहिल्या उताराचा क्षण होय. शरीर आणि आसन दोन्ही जवळजवळ मुक्तपणे खाली पडू लागली, की आसनाचा दाब अंगाला जाणवेनासा होतो आणि पोटातील अवयव क्षणभर भाररहित होतात. ज्या मुलाने आधी मधल्या बाकावर, मग दोन बाक सोडून, आणि शेवटी टोकावर बसून हा क्षण ओळखीचा करून घेतला, त्याने वोल्पींची श्रेणी आपल्याच गावात पार केली असे म्हणावयास हरकत नाही.

आता तिसरा पक्ष. हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५९ साली जत्रेतील थराराची मीमांसा करताना दाखवून दिले, की त्या आनंदात तीन घटक असतात : भयाची जाणीव, त्या भयाला आपण होऊन सामोरे जाणे, आणि अखेर सारे सुखरूप होईल असा विश्वास. यांतील मधला घटक काढून घेतला, म्हणजे कोणी ढकलून बसवले, तर उरतो तो थरार नसून निव्वळ त्रास. हा विचार किशोरवयाला विशेष लागू पडतो. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी केलेल्या प्रयोगात असे आढळले, की मोटार चालवण्याच्या एका खेळात किशोरवयीन मुले एकटी असताना जितका धोका पत्करीत, त्याहून कितीतरी अधिक धोका समवयस्क सोबत असताना पत्करीत; प्रौढांवर मात्र सोबतीचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘हो, बसतो’ म्हटले, तर ते त्याचे स्वतःचे म्हणणे किती आणि वर्गाचे किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येईलच असे नाही.

या तिसऱ्या पक्षाकडे माझा कल आहे, हे येथे नमूद करतो. बसण्याचा निर्णय मुलाचा असावा आणि तो शक्यतो रांगेत लागण्यापूर्वी, चारचौघांच्या नजरेआड, घरी आईवडिलांशी बोलताना किंवा एखाद्या विश्वासू मैत्रिणीशी बोलताना झालेला असावा. रांगेतून ऐनवेळी बाहेर पडण्याची मुभा प्रत्येक चांगल्या उद्यानात असते, गाडीच्या फलाटावर पोचल्यावरही असते, आणि ही गोष्ट मुलाला आधी सांगून ठेवली, तर पुष्कळदा ती मुभा वापरण्याची वेळच येत नाही.

ज्याने बसायचे ठरवले, त्याला धीर कसा द्यावा, याविषयी एक उपयुक्त निरीक्षण उपलब्ध आहे. ‘घाबरू नकोस, शांत हो’ हे आपण सहज म्हणतो. २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठातील अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी गायन, भाषण आणि गणित यांच्या परीक्षेला बसणाऱ्या लोकांवर प्रयोग करून दाखवले, की स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे मनाशी म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण धडधडणारे हृदय हुकुमाने शांत होत नाही, पण त्या धडधडीला दुसरा अर्थ देता येतो. हे प्रयोग रोलर कोस्टरवरचे नव्हेत, तथापि हृदयाची गोष्ट तेथेही तीच आहे. १९८९ साली ग्लासगोतील हृदयरोगतज्ज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांना रोलर कोस्टरवर बसवून मोजणी केली, तेव्हा नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ७० वरून १५३ वर गेले. निरोगी मुलाला हे सोसते, आणि ते होणारच हे आधी ठाऊक असले, तर तो त्या धडधडीने आणखी घाबरत नाही.

मळमळ

मळमळीच्या बाबतीत शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. अधिक प्रचलित मत रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ साली मांडले. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका शरीराच्या हालचालीची एक वार्ता मेंदूला देतात आणि डोळे दुसरीच वार्ता देतात; या दोन वार्तांचा मेळ बसला नाही, की मळमळ सुरू होते. १९९१ साली रिचिओ आणि स्टॉफ्रेगन यांनी निराळे प्रतिपादन केले, की खरे कारण शरीराचा तोल सावरण्याची धडपड निष्फळ होण्यात आहे. हा वाद मिटलेला नाही. परंतु पहिल्यांदा बसणाऱ्याला द्यावयाच्या सल्ल्यापुरते पाहिले, तर दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी येऊन पोचतात : डोळे उघडे ठेवावेत, रुळांवर पुढे जेथे गाडी जाणार आहे तेथे पाहावे, म्हणजे पुढचे वळण मेंदूला आधी कळते आणि अंगही त्या बेताने सावरले जाते. डोळे मिटल्याने भीती काही जणांना कमी वाटते हे खरे. पण वळण कोणत्या बाजूला येते हे न कळल्याने मान अनपेक्षितपणे हिसकली जाते, आणि मळमळ वाढण्याचा संभवही असतो.

खाण्याविषयीच्या वादाचा निकाल सोपा आहे. सहलीच्या सकाळी नागपुरी मंडळी ज्या तर्री-पोह्यांवर ताव मारतात, ते तिखट व तेलकट खाणे गाडीत बसण्याआधी तासाभरात नको. पण निव्वळ उपाशी राहणेही तितकेच चुकीचे. मे महिन्याच्या उन्हात रांगेत तासभर उभे राहिलेले उपाशी मूल गाडीत बसण्याआधीच भोवळ येऊन खाली बसते. दीड-दोन तास आधी इडली, साधे पोहे किंवा पोळीभाजी असे हलके खाणे आणि मधून मधून घोट घोट पाणी, एवढे पुरे. आल्याच्या वडीने मळमळ थांबते असे आजीबाई सांगतात. त्यावर झालेल्या लहान प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, पण वडीने अपाय नाही. प्रवासातील उलटीवरच्या गोळ्यांनी मात्र गुंगी येते, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बस लागणारे मूल रोलर कोस्टरवरही अस्वस्थ होईल असे सरसकट म्हणता येत नाही. ही प्रवृत्ती वयाच्या दोन ते बारा या काळात सर्वाधिक असते आणि नंतर पुष्कळांत कमी होत जाते.

कोठे बसावे, कसे बसावे

पुढे बसावे की मागे, यावर आधी बसून आलेल्या मुलांत हिरिरीने वाद होतात, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. सबंध गाडी एकसंध असल्याने तिच्या सर्व डब्यांचा वेग कोणत्याही क्षणी एकच असतो. फरक पडतो तो कोणता डबा शिखरावर केव्हा पोचतो याने. पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागचे वजन अजून वर चढत असते, म्हणून तो क्षणभर काठावर रेंगाळतो आणि बसणाऱ्याला खालचे सगळे दिसते. मागचा डबा शिखरावर येईपर्यंत पुढचे वजन खाली झेपावलेले असते, त्यामुळे तो काठावरून अक्षरशः खेचला जातो. पुढे दृश्य अधिक, मागे हिसका अधिक. मागच्या हिसक्याचा एक अनपेक्षित पुरावा २०१६ साली मिशिगन राज्य विद्यापीठाकडून आला. तेथील संशोधकांनी मूतखडे घातलेली मूत्रपिंडाची प्रतिकृती झोळीत घालून फ्लॉरिडातील एका रोलर कोस्टरवरून फिरवली, तेव्हा मागच्या आसनावर सुमारे ६४ टक्के खडे निसटून बाहेर पडले आणि पुढच्या आसनावर सुमारे १७ टक्के. पहिल्या फेरीसाठी मधला डबा बरा, या मताशी जाणकार बहुधा सहमत असतात.

बसताना पाठ आणि डोके आसनाला टेकलेले असावे, मान सैल टाकू नये. खोल उताराच्या तळाशी अंगावर भार आला, की पायाचे आणि पोटाचे स्नायू आवळावेत. त्याने रक्त खाली उतरणे कमी होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. लढाऊ विमानांचे वैमानिक हेच करतात. ओढणी, गळ्यातली साखळी, ओळखपत्राची दोरी आणि मोबाइल हे बाहेरच ठेवावेत, केस घट्ट बांधावेत. चष्म्याला मागून पट्टा असेल तरच तो घालावा. हात वर करणे ही हौसेची बाब आहे, पहिल्या फेरीत दांडा धरून बसण्यात काहीच कमीपणा नाही.

धोका

येथे भीतीचा प्रश्न पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो, कारण अंगावर काटा आणणारी राइड सुरक्षित असू शकते आणि निरुपद्रवी दिसणारी राइड धोकादायक. गाडी रूळ सोडून का जात नाही, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. त्याचे उत्तर जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ साली पेटंट घेतलेल्या योजनेत आहे. रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून चाके असतात; गाडी वर उडू पाहते तेव्हा खालची चाके रुळाला आवळून धरतात. पहिल्या चढणीवर जो खडखड आवाज येतो, आणि ज्याने कित्येकांचे काळीज हलते, तो साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या अडसराचा असतो. तो आवाज येणे हेच अडसर आपले काम करीत असल्याचे चिन्ह होय. एकाच रुळावरून दोन गाड्या धावत असतील, तर त्यांच्यासाठी मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला जाऊ देत नाहीत. नागपूरच्या वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावयास नको. रेल्वेचे सिग्नल याच तत्त्वावर चालतात.

ही व्यवस्था यंत्राने मोडण्यापेक्षा माणसाने मोडल्याची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. २०१५ साली इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे स्माइलर या गाडीची टक्कर झाली आणि दोन तरुणींना आपला एकेक पाय गमवावा लागला. टप्प्यावर रिकामी गाडी उभी असल्याने यंत्रणेने मार्ग रोखून धरला होता, पण कर्मचाऱ्यांनी तो इशारा चुकीचा समजून रोध हाताने काढून टाकला. आपल्याकडे २०१९च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया येथे झुलत्या पाळण्याचा दांडा तुटून दोघांचा मृत्यू झाला. २०२२ साली मोहालीच्या मेळ्यात उंच मनोऱ्यावरून खाली येणारी राइड कोसळून अनेक जण जखमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतील एका उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून २४ वर्षांच्या तरुणीने प्राण गमावले. यंत्राची देखभाल, जीर्ण भागांची वेळीच बदली आणि चालवणाऱ्याचे शिक्षण, हे प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर पुन्हा उभे राहतात.

म्हणून आईवडिलांनी पाहावयाचे ते उंची आणि वेग नव्हेत. प्रत्येक फेरीआधी कर्मचारी प्रत्येक आसनाचा पट्टा किंवा खांद्यावरची चौकट हाताने ओढून पाहतो का? उंचीच्या पट्टीपाशी लहान मुलाला खरोखरच परत पाठवले जाते का? ती पट्टी वयासाठी नसून चौकट अंगावर नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी असते, म्हणून चौदा वर्षांचे ठेंगणे मूल परत पाठवले गेले, तर हुज्जत घालू नये. हृदयविकार, अपस्मार, मान किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांची जी यादी फलकावर असते, ती मुलाने स्वतः वाचावी. आणि त्यांपैकी काही असेल, तर सहलीच्या आधी डॉक्टरांना भेटावे.

मेळ्यातील राइडविषयी विचार निराळा करावा लागतो. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १५४७५ हे मानक मनोरंजनाच्या राइडसाठी आहे. नागपूरसारख्या आयुक्तालयाच्या शहरात मेळ्याला पोलिसांचा परवाना लागतो, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला लागतो आणि यांत्रिक पाळण्यांची तपासणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यंत्रणेकडून करून घेण्याचा शिरस्ता आहे. परंतु जो पाळणा दर महिन्याला उलगडून, ट्रकवर लादून, दुसऱ्या मैदानावर पुन्हा जुळवला जातो, त्याचा दाखला जुळवणीच्या आधीचा की नंतरचा, ही विचारण्यासारखी गोष्ट आहे. मी वर मेळ्याला पायरी म्हटले. ती पायरी चढण्याआधी तिच्या खांबाखालची फळी आणि नटबोल्ट पाहून घेणे हा त्याच सल्ल्याचा भाग आहे. नाव खिळखिळी वाजत असेल, बाकाचा दांडा दोरीने बांधलेला असेल किंवा चालवणारा इसम फोनवर बोलत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, पण उतरावे.

अनिर्णीत राहिलेले

काही प्रश्नांची उत्तरे आज कोणत्याच पक्षाकडे नाहीत. मेंदूला होणाऱ्या इजेचा प्रश्न त्यांपैकी एक. रोलर कोस्टरनंतर मेंदूच्या आवरणात रक्तस्राव झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. उलटपक्षी २००२ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील स्मिथ आणि मीनी यांनी गणित मांडून असे दाखवले, की या गाड्यांत डोक्याला मिळणारा झटका इजेच्या मर्यादेच्या बराच खाली असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मर्यादा बहुसंख्यांची असते आणि नोंदी अपवादांच्या. मुलाचे डोके फेरीनंतर दोन-चार दिवस दुखत राहिले, उलट्या झाल्या किंवा दृष्टी धूसर झाली, तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये, यावर मात्र दुमत नाही.

दुसरा प्रश्न नोंदींचा. देशभरातील उद्याने आणि मेळे यांतील लहानमोठ्या अपघातांची एकत्रित, सामान्य माणसाला पाहता येईल अशी नोंदवही नसल्याने, कोणती राइड किती सुरक्षित, हे आपल्याकडे बहुतांशी वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून ठरवले जाते. आणि बातमी होते ती मृत्यूची, निसटत्या प्रसंगाची नव्हे. विमानवाहतुकीत निसटत्या प्रसंगांच्या नोंदीवरूनच सुधारणा होत गेल्या. मेळ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी पोलीस आयुक्तालयाने घ्यावी, महापालिकेने घ्यावी की राज्य शासनाने, यावर निश्चित धोरण झालेले नाही.

तिसरा प्रश्न शाळांचा, आणि नागपूरच्या दृष्टीने मला तो सर्वांत जवळचा वाटतो. सहलीपूर्वी पालकांकडून जे संमतिपत्र भरून घेतले जाते, त्यात जबाबदारी कोणाची, याविषयीचा मजकूर ठळक असतो. खाली पालकाची सही असते आणि वर शाळेचा शिक्का. ज्याला त्या गाडीत बसायचे किंवा बसायचे नाही, त्याच्या स्वतःच्या म्हणण्यासाठी त्यात बहुधा रकाना नसतो. काही शिक्षकांच्या मते असा रकाना ठेवला, तर निम्मी मुले आधीच ‘नको’ लिहून मोकळी होतील आणि एका चांगल्या अनुभवाला मुकतील. इतरांच्या मते तो नसल्यामुळेच न बसणारे मूल दिवसभर बॅगा सांभाळत एकटे बसते. निर्णय कोणताही होवो, ‘नको’ म्हणणाऱ्या मुलांसोबत खाली कोणते शिक्षक थांबतील आणि तेवढ्या वेळात ती मुले काय पाहतील, हे सहलीच्या आधीच्या बैठकीत नावानिशी ठरवून ठेवणे शाळांना आजही शक्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.